पिठाचा कोंबडा, नव्वद सेकंदांत

आपल्या व्यापारी घरांतील मुले आता वाणिज्य आणि अभियांत्रिकीबरोबर माध्यमविद्याही शिकू लागली आहेत. अशा अभ्यासक्रमांत विद्यार्थ्यांना संपूर्ण चित्रपटाऐवजी चित्रपटाची झलक, म्हणजेच ट्रेलर, करावयास सांगितले जाते. एखादी गडद लोककथा नव्या रूपात मांडणे, हा त्यातील आवडता विषय. ग्रिम बंधूंच्या १८१२ सालच्या संग्रहातील लांडगा आणि चेटकीण मुलांना पाठ असतात. परंतु त्यांहून गडद अशी एक कथा आपल्या शास्त्रभांडारात हजार वर्षांहून अधिक काळ आहे. ती म्हणजे यशोधर राजाची कथा.

सोमदेवसूरींनी ९५९ साली ‘यशस्तिलकचंपू’मध्ये ती संस्कृतात सांगितली, पुष्पदंताने अपभ्रंशात ‘जसहरचरिउ’ रचले, जन्नाने १२०९ साली कन्नडात ‘यशोधरचरिते’ लिहिले. कथा थोडक्यात अशी: उज्जयिनीचा राजा यशोधर आपली राणी अमृतमती हिला रात्री माहुताकडे जाताना पाहतो. सकाळी आई चंद्रमतीला तो खरे कारण सांगत नाही; वाईट स्वप्न पडले, एवढेच सांगतो. आई देवीला पशुबळी देण्याचा आग्रह धरते. राजा नकार देतो. अखेर दोघे मध्यम मार्ग काढतात: पिठाचा कोंबडा करून त्याचा बळी द्यावा. पुढे राणी मायलेकांना विष घालते आणि दोघे मोर, कुत्रा, मासा, सुसर, बकरा अशा योनींतून फिरत शेवटी कोंबड्याच्या जन्माला येतात. तेथे मुनींचा उपदेश कानी पडतो आणि पुढचा जन्म मनुष्याचा मिळतो.

या कथेत विष आहे, विश्वासघात आहे, मृत्यू तर पदोपदी आहे. तरीही तिचा खरा काळोख आहे तो त्या तडजोडीत. जीव कोणाचाच गेला नाही, मग पाप कसले? द्रव्यहिंसा आणि भावहिंसा यांतील भेद येथे एका पिठाच्या गोळ्यातून उलगडतो. आपण व्यापारी माणसे. तडजोड हा आपल्या पेढीचा गुण. तो गुण कोणत्या उंबरठ्यापाशी दोष होतो, हे ही कथा विचारते. झलकेने हाच प्रश्न प्रेक्षकाच्या हाती द्यावा; उत्तर चित्रपटासाठी राखावे.

म्हणून पहिला नियम असा की, रक्त दाखवू नये. लोटे राइनिगर या जर्मन कलावतीने १९२६ साली कागदाच्या कातरलेल्या सावल्यांतून अख्खा परीकथापट उभा केला होता. कोकणात पिंगुळीच्या कलावंतांकडेही छायाबाहुल्यांची परंपरा आहे. सर्व तिर्यंच जन्म भिंतीवरच्या सावल्यांतून दाखवता येतात. त्यामुळे जिवंत प्राणी आणण्याची गरज उरत नाही. प्राणी चित्रीकरणात वापरावयाचा तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते. पण आपल्याला तो प्रश्न त्याआधीच, धर्मानेच, सोडवून दिला आहे.

नव्वद सेकंदांचे तीन भाग करावेत. पहिल्या तीसांत राजवाडा, रात्र, उघडे राहिलेले दार. दुसऱ्या तीसांत आईचे हात: पीठ मळणारे, तुरा आणि चोच घडवणारे, हळद-कुंकू लावणारे. हे हात घरातील आजींचे असावेत. त्यांची सराईत माया अभिनयाने येणार नाही. शेवटच्या तीसांत तलवार उचलली जाते आणि पडदा काळा होतो. जन्नाच्या काव्यात घाव बसताच पिठाचा कोंबडा आरवतो. काळ्या पडद्यावर तेवढाच आवाज पुरे. खर्चाची वही मांडताना म्हणूनच कॅमेऱ्याच्या भाड्याआधी ध्वनिमुद्रणाची रक्कम बाजूला काढावी.

स्थळे आपल्या दोन जिल्ह्यांतच आहेत. साताऱ्याजवळ लिंब येथील बारामोटेची विहीर, तिचा दगडी जिना आणि आतील महाल हा यशोधराचा राजवाडा होऊ शकतो. वाईचा कृष्णाघाट क्षिप्रेचा काठ होईल. तीच कृष्णा सांगलीला येते, तेव्हा दोन्ही ठिकाणचे पाणी एकमेकांना जोडून दाखवता येते. हरिपूरची हळदीची पेवे आपल्या व्यापाराची ओळख. पेवाचे काळे तोंड हे पुनर्जन्माचे दार म्हणून विलक्षण दिसेल. मात्र पेवात हवा कोंडलेली असते. चित्रण काठावरूनच करावे, आत कोणीही उतरू नये. प्रत्येक जागेची लेखी परवानगी आधी घ्यावी.

वेळापत्रकही आपल्या आचाराला धरून बसते. चातुर्मासात विहिरी भरलेल्या आणि वाटा निसरड्या असतात, म्हणून माघ-फाल्गुन बरा. कलती उन्हे चित्रणासाठी उत्तम, आणि सूर्यास्तापूर्वी जेवणही व्हावयास हवे. तेव्हा पंगत चार वाजताच उरकून मग कामाला लागावे. रात्री प्रखर दिव्यांवर किडे झेपावतात. त्याऐवजी रात्रीची दृश्ये दिवसा, खिडक्या झाकलेल्या खोलीत घ्यावीत.

एक सावधगिरी अमृतमतीविषयी. तिला केवळ दुष्ट रंगवणे सोपे आहे, आणि कुबड्या माहुताच्या शरीराची थट्टा करणे त्याहून सोपे. गिरीश कर्नाडांनी याच कथेवर ‘हिट्टिन हुंज’ हे कन्नड नाटक लिहिले. त्यात राणीलाही तिचे म्हणणे आहे. मुलांनी तिला निदान एक स्थिर, समोर पाहणारी चौकट द्यावी. मूळ कथा वाचून मगच ती बदलावी. पालकांनीही ‘असले विषय नकोत’ म्हणण्याआधी मुलांसोबत ती वाचावी. आचार्यांनी विष आणि व्यभिचार लपवला नाही. त्यातूनच त्यांनी विवेक शिकवला.

संकलन झाल्यावर झलक दोघांना दाखवावी: कथा ठाऊक असलेल्या एका ज्येष्ठाला आणि ती कधीही न ऐकलेल्या एका मित्राला. काय लक्षात राहिले, एवढेच विचारावे. उत्तर ‘तलवार’ आले, तर पुन्हा कात्री लावावी. ‘पीठ मळणारे हात’ आले, तर काम झाले.