गज, तंतुवाद्याचा

घर्षणाने वाजविल्या जाणाऱ्या तंतुवाद्यांचे वादनसाधन. लाकडी दांडी व तीवर ताणून बसविलेले घोड्याच्या शेपटीचे केस हे त्याचे मुख्य भाग होत. केसांना राळ लावावी लागते. राळेमुळे तार केसांना क्षणभर चिकटते, ताण वाढताच सुटते आणि ही क्रिया सेकंदाला शेकडो वेळा घडून कंपन टिकून राहते. नखीने छेडलेल्या तारेचा नाद लगेच ओसरू लागतो. गजाचा नाद वादकाच्या इच्छेने टिकतो, फुलतो वा मावळतो. त्यामुळे नव्या गजाची निवड वाद्याच्या निवडीइतकीच महत्त्वाची ठरते.

सारंगीचा गज जड असून त्याची दांडी केसांपासून दूर, बाहेर वाकलेली असते. तो तळहात वर करून धरतात. राजस्थानी रावणहत्थ्याच्या गजास घुंगरे बांधतात. व्हायोलिनच्या गजाला आजचे रूप पॅरिसच्या फ्रान्स्वा तूर्त (१७४७–१८३५) याने दिले. त्याची दांडी केसांच्या दिशेने आत वाकलेली असून लांबी सु. ७४ सेंमी. व वजन सु. ६० ग्रॅ. असते.

पश्चिमी वादक उसळत्या, तुटक आघातांसाठीही गज पारखतो. गजाननराव जोशी (१९११–८७), दि. के. दातार (१९३२–२०१८) प्रभृतींनी जोपासलेल्या गायकी अंगाच्या वादनात मात्र कसोटी वेगळी आहे. एकाच संथ ओढीत मुठीपासून टोकापर्यंत स्वर सारखा राहिला पाहिजे व मींड मध्येच तुटता कामा नये. समान वजनाचे दोन गजही तोल निराळा असल्याने हाताला निराळे लागतात : टोक हलके असल्यास शेवटी स्वर क्षीण होतो, जड असल्यास मनगट थकते. दांडी डोळ्यासमोर धरून ती पिळलेली नाही, टोकाशी चीर नाही, हे पाहावे. परीक्षा स्वतःच्याच वाद्यावर करावी. दुकानातील उत्तम वाद्यावर साधारण गजही गोड वाटतो. किंमत हा भरवशाचा निकष नव्हे.

उत्तम दांड्या ब्राझीलमधील पर्नांबुको वृक्षाच्या लाकडाच्या असतात. बेसुमार तोडीमुळे तो दुर्मिळ झाला व २००७ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आले. कार्बन तंतूंच्या दांड्या हा त्याला चांगला पर्याय असून दमट हवेचा त्यांवर फारसा परिणाम होत नाही.

केसांवर मात्र तो होतोच. दमट हवेत केस लांबतात, कोरड्या हवेत आखडतात. कोकणात किंवा माथेरानसारख्या अतिवृष्टीच्या ठिकाणी भर पावसाळ्यात केस बसविताना कारागीर लांबलेल्या केसांच्या मापाने ते कापतो. हिवाळ्यात ते आखडले, की मळसूत्र पूर्ण सैल करूनही ताण जात नाही आणि दांडीचा बाक हळूहळू बिघडतो. असा गज घेतल्यास थंडीत केस पुन्हा बसवून घ्यावेत. एरवीही वादन संपताच ते सैल करून ठेवावेत.