सड्यावरची कंदपुष्पे : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

बर्फ पुरता वितळण्यापूर्वीच मान लववून उमलणाऱ्या युरोपीय स्नोड्रॉपची छायाचित्रे पाहून आपल्याही परसात तसा एखादा वाफा असावा, अशी इच्छा मालवण-देवगडकडील पुष्पप्रेमींना व्हावी, हे स्वाभाविकच होय. परंतु कंद काही दिवस शीतकपाटात ठेवला म्हणजे तो येथे फुलेल, ही समजूत मात्र निराधार आहे. १७५३ साली लिनियसने गॅलॅन्थस निव्हॅलिस या नावाने नोंदविलेली ही वनस्पती आणि तिच्या वीसेक भगिनीजाती युरोपापासून कॉकेशसपर्यंतच्या टापूत, दीर्घ हिवाळ्याच्या आश्रयाने वाढल्या. त्यांना कित्येक आठवड्यांचा सलग गारठा लागतो, आणि कंद कोरडे पडले की ते पुष्कळदा दगावतात. म्हणूनच तिकडील जाणकार माळी पाने हिरवी असतानाच त्यांचे स्थलांतर करतात.

ऋतूच्या आरंभीच फुलणारे कंद आपल्या मुलखात नाहीतच, हा त्याहून खेदजनक गैरसमज. महसुली दफ्तरात पोटखराब म्हणून दाखल होणारा आणि वैशाखात करपून काळवंडणारा कातळसडा मृगाच्या सरींनंतर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना जांभ्याच्या फटींतील वीतभरही नसलेल्या मातीतून वर आलेली पॅन्क्रॅशियमची शुभ्र फुले आणि त्यांच्या मागोमाग येणारी दीपकाडी निराळी दाखवावी लागत नाही. दीपकाडी ही तर खास कोकणपट्टीची, जगात अन्यत्र नैसर्गिकरीत्या न आढळणारी वनस्पती. मुंबई इलाख्याच्या वनखात्यातील अधिकारी डाल्झेल याने एकोणिसाव्या शतकात तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. पॅन्क्रॅशियम हे स्नोड्रॉपच्याच कुळातले. उलट, घरोघरी लावली जाणारी पावसाळी लिली अस्सल कोकणी समजली जाते, ती मूळची अमेरिका खंडातली. पॅन्क्रॅशियमच्या पुंकेसरांना तळाशी जोडणारी पातळ पांढरी वाटी तिच्या फुलात नसते, एवढ्या खुणेवरून दोघींतला भेद कळतो.

पावसाने फूल निर्माण केले, असे आपण म्हणतो, तेही तितकेसे खरे नाही. पाऊस केवळ सुप्तावस्था मोडतो. फुलाला लागणारे अन्न आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात पानांनी सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने तयार करून कंदाच्या मांसल पापुद्र्यांत साठविलेले असते, आणि त्या शिलकीवरच तो आठ कोरडे महिने काढून, पहिल्या ओलाव्यासरशी, पुरती पाने फुटण्याचीही वाट न पाहता फुलू शकतो. सबब फुले सरल्यावर वाफा नीटनेटका दिसावा म्हणून पाने छाटणे म्हणजे पुढल्या वर्षीचा बहर स्वहस्ते बुडविणे होय. ती आपणहून पिवळी पडेपर्यंत राहू द्यावीत.

कांद्यासारखा दिसतो म्हणून रानकंद खाण्याजोगा असेल, ही कल्पना तर जिवावर बेतणारी आहे. पॅन्क्रॅशियम आणि नागदवणा यांच्या कंदांत लायकोरीन हे वांतिकारक विषद्रव्य असते. कळलावीच्या कंदातील कोल्चिसीन प्राणघातक ठरते. पॅन्क्रॅशियमच्याच कुळातील स्नोड्रॉपपासून प्रथम वेगळे केलेले गॅलॅन्टामीन आज स्मृतिभ्रंशावर वापरले जाते, परंतु ते शुद्ध करून, मोजून दिलेल्या मात्रेत. कंद उगाळून नव्हे.

दीपकाडीचे कंद उपटून बागेत नेल्याने ती वाचेल, हाही भ्रमच. चिऱ्यांच्या खाणींनी आणि सुरुंग लावून केलेल्या आंबा-लागवडीने सडे आधीच आक्रसत आहेत, तिथे कंद उपटणे म्हणजे उरलेल्या वस्तीतलाही एक रहिवासी कमी करणे. बागेसाठी रोपवाटिकेत वाढविलेला नागदवणा पुरेसा आहे.