निसरडा रस्ता आणि जड मोटारसायकल

बोरगावाजवळील नागपूर-छिंदवाडा मार्गावर पहिली सर आली, की तेल व धूळ कालवून निसरडा थर तयार होतो. जड गाडी रस्ता घट्ट धरते, हा समज आम्हांस अपुरा वाटतो. वजनाने घर्षण वाढते खरे. परंतु आवरावयाचा जोरही तितकाच वाढतो. शिवाय वेग दुप्पट झाल्यास ब्रेक लावल्यावर थांबण्याचे अंतर चौपट होते. चाक अडकून घसरू लागले, की तोल सावरणे कठीण. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीहून मोठ्या नव्या दुचाकींना चाक अडकू न देणारी ब्रेकयोजना सक्तीची आहे; तथापि ओल्या रस्त्याची पकड ती वाढवीत नाही. म्हणून आमच्या तरुणांनी वळणापूर्वीच वेग उतरवावा व दोन्ही ब्रेक हळुवार दाबावेत. घरची माणसे वाट पाहत असतात.