उसाच्या रानातली बुलबुलं



ऊस विकास खात्याच्या माणसाने बेणे, खत आणि पाणी यांवर लिहावे, अशी रीत आहे. या खेपेस आम्ही जरा बांध ओलांडत आहोत. विषय आहे आपल्या गावच्या शाळेतील बुलबुल पथकाचा. गाईडच्या आधीचा, पाच ते दहा वर्षांच्या मुलींचा हा वर्ग. या वयाचे मुलगे कब होतात, मुली बुलबुल. मोठ्या गाईड मुलींचे संचलन आपण १५ ऑगस्टला पाहतो, पण या चिमुरड्या पोरी काय करतात हे पुष्कळ पालकांना ठाऊक नसते. गटाच्या बैठकीत एक सभासद आम्हाला म्हणाले, "साहेब, बाई पोरींना मुखवटे करायला लावतात, जनावरांचे आवाज काढायला लावतात. त्यापेक्षा दोन पाढे जास्त म्हटले तर काय बिघडलं?" पाढे हवेतच. पण मुखवट्याबद्दलचे त्यांचे म्हणणे आम्हाला पटले नाही, म्हणून हा लेख.

स्काउट चळवळीत जनावरे अगदी मुळापासून आहेत. कब म्हणजे लांडग्याचे पिलू. बेडन-पॉवेल यांनी १९१६ साली लहान मुलांचा हा वर्ग सुरू केला तेव्हा किपलिंगच्या 'जंगल बुक'मधला मोगली उचलला. हा किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मलेला, आणि मोगलीचे रान सिवनीचे, म्हणजे नागपूर जिल्ह्याच्या शिवेला लागून. आपल्या देशात मुलींच्या वर्गाला बुलबुल पक्ष्याचे नाव मिळाले. नव्या मुलीला ताराची गोष्ट सांगतात. पुढे ती एकेक पायरी चढते, कोमल पंख, रजत पंख, सुवर्ण पंख आणि शेवटी हीरक पंख. जगभरच्या गाईड मुलींचे एक केंद्र आपल्या पुण्यातच आहे, १९६६ साली सुरू झालेले 'संगम'.

आता आपल्या शाळेकडे येऊ. पहिल्या वर्षी मुखवटे झाले ते सिंह, हत्ती आणि जिराफ यांचे. छान झाले होते, पण आपल्या शिवारात जिराफ कोणी पाहिला? पुढच्या खेपेस बाईंनी आम्हाला बोलावून विचारले, उसात कोणकोणती जनावरे असतात ते मुलींना सांगा. आम्ही सांगत गेलो. कोल्हा, मुंगूस, रानमांजर, धामण, घोणस, पिंगळा, गव्हाणी घुबड आणि बिबट्या. मुलींनी पुठ्ठा कापला, कोल्ह्याला पाचटाची झुबकेदार शेपूट लावली, मुंगसाला वाळल्या चिपाडाचे केस चिकटवले. घुबडाचा चेहरा बदामाच्या आकाराचा का, असे एकीने विचारले. त्या बशीसारख्या चेहऱ्यावर बारीक आवाज गोळा होऊन कानाकडे जातो आणि अंधारात उंदीर नेमका सापडतो, हे आम्ही सांगितले. उंदीर आपला ऊस कुरतडतो, हे सांगावे लागले नाही. "मग आमचे आबा घुबडाला दगड का मारतात?" हा तिचा पुढचा प्रश्न. आबांनी उत्तर द्यावे.

आम्हाला सगळ्यांत आवडला तो सापांचा उद्योग. जुन्या लुगड्यांचे पीळ करून मुलींनी पाच साप बनवले. घोणशीच्या तपकिरी अंगावर साखळीसारखे गोल डाग, तीन रांगांत. मण्यार काळी, तिच्या अंगावर पांढरे बारीक पट्टे जोडीजोडीने. नागाला फणा. फुरशाच्या डोक्यावर बाणासारखी खूण. हे चार विषारी. पाचवी धामण, बिनविषारी, उंदरांची वैरीण. मग शाळेच्या आवारात पाचट पसरून हे पीळ त्यात लपवले आणि मुलींना रांगेने सोडले. साप दिसला की थांबायचे, मागे सरकायचे, मोठ्या माणसाला हाक मारायची. हात लावायचा नाही, काठीने डिवचायचे नाही, धामण ओळखू आली तरी नाही. एक पोरगी धीट, ती हात लावायला गेली. बाईंनी तिला तिथल्या तिथे खेळातून बाद केले. आम्हाला ते फार योग्य वाटले. चावलाच तर भगताकडे नाही, थेट दवाखान्यात, हेही पोरींच्या तोंडी बसले आहे. हीच पोर तोडीच्या वेळी भाकरी घेऊन फडात येते, वैरणीसाठी वाढे गोळा करते. तिला घोणस ओळखू येणे हा आमच्या मते पाढ्याइतकाच अभ्यास आहे.

बिबट्याचेही तसेच. जुन्नर भागात बिबट्याची मादी उसातच पिले घालते आणि तोडणीत ती पिले सापडतात. त्यावर बाईंनी एक गोष्ट बसवली आहे. एक मुलगी पिलू होऊन टोपलीत बसते, दुसरी आई होऊन लांब दडते. ऊसतोड करणाऱ्या मुली पिलू उचलून कुरवाळायला धावतात, तर मुकादम झालेली मुलगी ओरडते, "हात लावू नका, फडाबाहेर चला, वनखात्याला कळवा!" खऱ्या शिवारातही हेच करायचे असते. वनखात्याची माणसे पिलू सापडल्या जागी संध्याकाळी खोक्यात ठेवतात आणि बहुधा रात्री आई येऊन घेऊन जाते. मोठ्यांनीही हे पाहावे, कारण पिलाबरोबर फोटो काढायची हौस पोरींपेक्षा मोठ्यांनाच जास्त. गोष्टीनंतर मुली नियम म्हणून दाखवतात. उसाच्या कडेने एकटे जायचे नाही, मोठ्याने बोलत जायचे, अंधार पडल्यावर वाकून वा बसून काम करायचे नाही, बिबट्या दिसला तर पळायचे नाही.

भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणाऱ्या म्हातारीची गोष्टही त्या करतात. वाघ-कोल्ह्यांना बनवणारी ती म्हातारी व्हायला सगळ्याच पुढे!

अडचण एकच आहे. पथक भरते शनिवारी, आणि हंगाम सुरू झाला की शनिवारी निम्म्या मुली गैरहजर. कोणी धाकट्या भावाला सांभाळायला घरी, कोणी शेरडांमागे. तेवढा एक तास मुलीला सोडावे, ही विनंती. धाकट्याला बरोबर पाठवले तरी चालेल, असे बाई म्हणतात, पिलाचे काम त्याला देता येईल. रिकामे पुठ्ठे आमच्या गट ऑफिसातून न्यावेत. जुनी लुगडी देणाऱ्यांनी चिटबॉयकडे निरोप द्यावा, म्हणजे दिवाळीपूर्वी नवे साप तयार होतील.