हार्लेमचे दिवे

ॲल्युमिनियमच्या चौकटीत दिवे दाटीवाटीनं बसवलेत, त्यांच्यावर मोटारीच्या मागच्या दिव्यांना असतात तशी रंगीत झाकणं. लाल विझतो, पिवळा लागतो, मग निळा. पहिल्या नजरेला गणपतीची आरासच आठवते.

न्यू यॉर्कमध्ये हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, १२५व्या रस्त्यावर, स्टुडिओ म्युझियमची नवी सातमजली वास्तू झाली, ती पाहायला गेले होते. खिळून राहिले ती या जुन्या दिव्यांपुढे. टॉम लॉइड या कृष्णवर्णीय कलावंतानं एका इंजिनिअरला हाताशी धरून असे दिवे घडवले. सप्टेंबर १९६८ मध्ये फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या भाड्याच्या जागेत म्युझियम सुरू झालं, ते त्यांच्याच प्रदर्शनानं. त्याच वर्षी एप्रिलात मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झालेली. अशा वेळी हे लुकलुकणारे दिवे? यात आपलं काय? असं वाटणारे वस्तीत होतेच.

हा प्रश्न मला परका वाटला नाही. दलित कवीनं वेदनाच लिहावी, ही अपेक्षा आपणही करत आलो. लॉइड तर चळवळीतलेच. मोठ्या म्युझियमांत कृष्णवर्णीयांना जागा मिळावी म्हणून भांडणारे. पण दिव्यांकडून त्यांनी घोषणा वदवून घेतल्या नाहीत. ते धैर्य मला फार मोठं वाटतं. पुढे १९७१ मध्ये त्यांनी क्वीन्समधल्या जमैका भागात स्वतःचं स्टोअर फ्रंट म्युझियम काढलं.

नावातला ‘स्टुडिओ’ आला चित्रकार विल्यम टी. विल्यम्स यांच्या कल्पनेतून. चित्रं नुसती टांगायची नाहीत, कलावंतांनी इथंच येऊन काम करायचं. जागा मिळते, मानधन मिळतं. केरी जेम्स मार्शल, केहिंदे वायली, सिमोन ली इथूनच पुढे गेले. १९८२ मध्ये म्युझियम एका बँकेनं दिलेल्या इमारतीत आलं. तीच पाडून आताची बांधली.

त्यासाठी २०१८ ते नोव्हेंबर २०२५ दारं बंद होती. जवळजवळ आठ वर्षं! त्या काळात वस्तीतली भाडी चढत राहिली, जुनी बिऱ्हाडं उठत राहिली. ज्यांच्यासाठी म्युझियम निघालं, त्यांची नातवंडं अजून चालत येण्याच्या अंतरावर राहतात का, ही काळजी मनातून जात नाही.

दिव्यांचीही तशीच काळजी. अशा जुन्या कलाकृतींचे बल्ब आता सहजी मिळत नाहीत. एलईडी लावावेत, तर उजेडाचा ऊबदारपणा जातो, विझतानाची ती किंचित रेंगाळणारी लाली जाते. जुनेच जपावेत, तर ते रोज किती वेळ पेटवायचे?

मी उभी होते तोवर ते पेटत होते. शाळकरी मुलांचा एक घोळका आला आणि पुढचा रंग कुठला, यावर मोठमोठ्यानं पैजा लावू लागला.