चार दिवसांत चेहरा साफ करणारे मलम

आम्ही चिचगडहून बोलतोय.

मागच्या बैठकीत गटातली एक ताई पदराने अर्धा चेहरा झाकून बसली होती. वय 39. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने लाल, दुखणाऱ्या गाठी. म्हणाली, "पोरीच्या सोयरिकीची वेळ आली अन् मुरूम मला आले!" सगळ्या हसल्या. ती हसली नाही.

या वयात मुरूम येणे नवलाचे नाही. पंचविशीनंतर, अगदी चाळिशीतही ते येतात, बहुधा चेहऱ्याच्या खालच्या भागात, आणि पाळीच्या आधी वाढतात. पाळी जायच्या सुमारास अंगातले स्त्री-संप्रेरक कमी होते. पुरुषी संप्रेरक प्रत्येक बाईत थोडे असतेच, ते वरचढ ठरते. त्वचेतल्या ग्रंथी तेल सोडतात, छिद्र बुजते, आत जंतू वाढतात. रक्त खराब झाले, तोंड नीट धुतले नाही, असे काही नसते. मात्र पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर डॉक्टरांना तेही सांगा.

आता ताईच्या ट्यूबकडे येऊ. कुणीतरी सुचवली, दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळाली. चार दिवसांत चेहरा साफ, वर उजळही. दोन महिने लावली. बंद केली आणि मुरूम दुपटीने आले, गाल लाल झाले, उन्हात आग व्हायला लागली. ट्यूबवर बारीक अक्षरांत लिहिले होते, बेटामेथासोन. हे स्टेरॉइड. ते सूज आणि लाली दाबते, म्हणून गुण आल्यासारखा वाटतो. पण त्वचा पातळ होते, बारीक शिरा दिसतात, केस वाढतात. क्लोबेटासोल, मोमेटासोन ही त्याचीच भावंडे. ती औषधेच आहेत, पण चेहऱ्यावरच्या मुरमांसाठी नव्हेत.

ताई एकटी नाही. देशातल्या 12 ठिकाणच्या त्वचारोगतज्ज्ञांनी चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले 2926 रुग्ण तपासले. त्यांतले 433 जण चेहऱ्यावर अशी मलमे लावत होते. ही पाहणी 2011 साली छापून आली. 2018 साली सरकारने या मलमांच्या विक्रीचा नियम कडक केला. तरी ट्यूब मिळतेच, हे आपण बघतोच.

बिननावाच्या डबीतले क्रीम तर त्याहून वाईट. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींची मूत्रपिंडे गोरेपणाच्या क्रीमने बिघडली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासले तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला.

मग करायचे काय? वय वाढले की त्वचा कोरडी होते. त्यामुळे पोरीसोरींची कडक औषधे, लिंबू, खाण्याचा सोडा, टूथपेस्ट झोंबतात आणि काळे डाग ठेवून जातात. सौम्य साबणाने दिवसातून दोनदा तोंड धुवा, घासू नका. डोक्याचे तेल कपाळावर उतरू देऊ नका. डॉक्टर बहुधा रात्री लावायला ॲडापलीन देतात: वाटाण्याएवढे, साऱ्या चेहऱ्याला मिळून. सुरुवातीला एक दिवसाआड. गरोदर असाल किंवा दिवस राहण्याची शक्यता असेल तर ते नको, आधी सांगा. कधी बेन्झॉइल पेरॉक्साइड देतात. त्याने कापडाचा रंग जातो, तेव्हा चांगल्या लुगड्याचा पदर सांभाळा! रोवण्याला बांधीत जाताना चेहऱ्यावर सावली ठेवा, उन्हाने डाग गडद होतात.

गुण यायला दोन-तीन महिने लागतात, डाग जायला त्याहून जास्त. इथेच आपला धीर सुटतो आणि पुन्हा ती जुनी ट्यूब हातात येते.

गोंदियाला 2016 पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे जाण्यात दिवस मोडतो हे खरे. आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात दाखवा, ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलता येईल का तेही विचारा. जुनी ट्यूब सोबत न्या, लपवू नका. ताईने नेली. आता तिला दीड महिना झालाय. गाठी कमी आहेत, डाग आहेतच. पदर मात्र खांद्यावर असतो.

येत्या बैठकीला घरातल्या सगळ्या ट्यूबा घेऊन या. बारीक अक्षरे वाचायला चष्माही आणा.