खडपावरची खानेसुमारी

तिथीची पाऊणपट करावी म्हणजे पूर्ण भरतीची वेळ निघते, हा कोकणच्या दर्यावर्दी माणसांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब. दापोली तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेच्या फळ्यावर पौष वद्य तृतीयेच्या सकाळी तो मला पुन्हा भेटला. तिनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे सव्वादोनला भरती, आणि तिच्यापुढे सहा तासांहून थोड्या अधिक वेळाने ओहोटी, तेव्हा साडेआठच्या सुमारास खडप पुरते उघडे पडणार, असे सहावीतल्या एका मुलीने मांडून दाखवले. मग गुरुजींनी हजेरीपट मिटला आणि 22 मुलांसह आम्ही सुरूच्या बनातून पुळणीवर उतरलो.

सामग्री म्हणावी तर बांबूच्या चार काटक्या सुतळीने बांधून केलेल्या हातभर लांबीरुंदीच्या तीन चौकटी, एक तापमापक आणि रेघा आखलेली एक जाड नोंदवही. जिथे केवळ उधाणाचेच पाणी पोचते अशा वरच्या कातळावर एक चौकट, खडपाच्या मध्यावर दुसरी आणि अगदी पाण्याच्या कडेला तिसरी ठेवायची, आणि चौकटीत जो जो जीव सापडेल त्याची खानेसुमारी करायची, असा शिरस्ता. उचललेला दगड जसा होता तसाच परत ठेवायचा, याविषयी मात्र गुरुजींचा सक्त हुकूम होता; कारण दगडाच्या ओल्या अंगाला चिकटून राहणारे जीव उन्हात उघडे पडले तर भरती येण्यापूर्वीच मरतात.

वरच्या चौकटीत जोंधळ्याच्या दाण्याएवढे काळपट शंख होते. एका गटाने ते 61 मोजले, दुसऱ्याने 47, आणि दोन्ही पक्ष हिरिरीने भांडू लागले. खरा आकडा गुरुजींनी सांगितला नाही. तो त्यांनाही ठाऊक नव्हता, आणि तसे त्यांनी मोकळेपणाने कबूल केले. एका गटाने रिकामे शंखही हिशेबात धरले होते आणि दुसऱ्याने चिरांत दडलेले सोडून दिले होते, हे मुलांनीच पालथे पडून, कातळाला गाल टेकवून शोधून काढले. चिरांतले धरायचे आणि रिकामे वगळायचे असा ठराव झाला, पुन्हा मोजणी झाली आणि दोन्ही गटांचा आकडा 52 आला. या एका मोजणीत पाऊण तास गेला. तो वेळ वाया गेला असे मला क्षणभरही वाटले नाही, कारण निरीक्षण म्हणजे काय हे मुलांना पुन्हा समजावून सांगण्याची गरज आता उरली नव्हती.

खाली उतरावे तसतशी वस्ती बदलत गेली. मध्यावर कातळाला घट्ट बिलगलेली कालवे, त्याखाली शेवाळाची हिरवी-तांबूस गादी, आणि डबक्यांत बोट नेताच अंग आखडून घेणारी समुद्रफुले. नोंदवहीत ‘गावात काय म्हणतात’ असा एक स्वतंत्र रकाना आहे, आणि वर्गात सहसा तोंड न उघडणारी एक मुलगी येथे एकाएकी सर्वांची मुखत्यार झाली. ‘‘गुरुजी, ही काढू नका, लहान हायत. आई मोठी तेवढीच काढते,’’ ती म्हणाली. तिचे म्हणणे रकान्यात तिच्याच शब्दांत उतरले. आईच्या पाठीमागे ओहोटीला हिंडून मिळवलेले ज्ञान शाळेच्या दप्तरी दाखल झालेले पाहताना तिच्या मुद्रेवर जे तेज आले, ते मी विसरणार नाही.

एका मुलाने पाच-सहा सुंदर शंख खिशात घातले होते. शंखवासी खेकड्याचे पोट मऊ असते, म्हणून तो दुसऱ्याच्या रिकाम्या शंखात राहतो आणि वाढला की मोठा शंख शोधत फिरतो, हे समजल्यावर कोणी न सांगताच त्याने एकेक शंख डबक्याच्या काठाशी परत मांडला.

वरच्या उथळ डबक्याचे पाणी आठ वाजता 22 अंश होते, ते पावणेदहाला 27 झाले. समुद्र मात्र 26 वरून हलला नाही. एवढे पाणी तापवायला फार उष्णता लागते, असे गुरुजी सांगत असता एका मुलाने निसर्ग चक्रीवादळाचा विषय काढला. 3 जून 2020 रोजी ही मुले अंगणवाडीच्या वयाची होती; पत्रे उडालेले घर आणि आडवी झालेली पोफळीची बाग एवढेच त्यांच्या स्मरणात आहे. ‘‘दर्या परत कोपेल काय?’’ या प्रश्नाला गुरुजींनी भीती घातली नाही आणि खोटा दिलासाही दिला नाही. समुद्र कोपत नाही; साधारण 26.5 अंशांहून अधिक उष्ण पाणी बऱ्याच खोलीपर्यंत असले, आणि वाराही अनुकूल असला, तर त्या उष्णतेवर वादळ पोसते. कोळसा आणि तेल जाळून माणसाने पृथ्वीवर जी जादा उष्णता कोंडली आहे, तिच्या 100 भागांपैकी 90 हून अधिक भाग समुद्रानेच पोटात घेतला आहे, असे ते म्हणाले. ज्याच्या हातात तापमापक होता तो मुलगा पाऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिला.

2003 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने पर्यावरण हा विषय शाळेत सक्तीचा झाला, आणि पुष्कळ ठिकाणी तो प्रश्नोत्तरांच्या रूपाने पाठ होऊ लागला. या शाळेची नोंदवही आता चौथ्या वर्षात आहे. तिच्या आधारे एवढ्यात कोणताही निष्कर्ष काढू नये, असे गुरुजी मुलांना निक्षून सांगतात. पुढच्या वर्षीच्या सहावीने हेच कातळ, याच चौकटींनी, याच तिथींना मोजावेत एवढीच त्यांची इच्छा आहे.

पाणी तिसऱ्या चौकटीला लागले तेव्हा चौकटी उचलून सगळे वर आले. पुढची खेप माघ शुद्ध द्वितीयेला, असे गुरुजींनी जाहीर करताच ती सकाळचीच मुलगी ओल्या वाळूत बोटाने लिहू लागली: दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे ओहोटी पावणेआठला. ‘‘मग साडेसातलाच इथे यायला हवं, गुरुजी,’’ ती म्हणाली.